दुसरी कंबर

आमच्या दवाखान्यात दोन प्रकारच्या कंबरा येतात.

पहिली कंबर सगळ्यांच्या ओळखीची. लावणीला वाकून धरलेली, काजूच्या बिया वेचून आखडलेली, खड्ड्यांतून दुचाकी हाणून खिळखिळी झालेली. ही कंबर दारातूनच ओरडत येते, "अगो बाय, मेलंय गो!" बाकावर बसल्या बसल्या शेजारणीला सगळी हकीगत सांगते, कोणी चोळलं, कोणी पाला बांधला, कोणी काय खायला दिलं. दुसरी कंबर मुकी असते. पासष्ट-सत्तरीचा गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट बाहेर सोडलेला, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत एक जास्तीचा लेंगा. तो बाकाच्या कडेला टेकतो, आणि उठला की टेकला होता ती जागा वळून बघतो. काय होतंय विचारलं तर खाली बघून म्हणतो, "कंबर."

माझी मदतनीस सुगंधा तोंडाने फटकळ, पण या बाबतीत तिच्याइतकं जपून बोलणारं माणूस मी पाहिलेलं नाही. ती केसपेपर पुढे ओढते आणि हळूच विचारते, "साधी काय दुसरी?" गृहस्थ थोडा वेळ पंख्याकडे बघतो. मग म्हणतो, "दुसरी." झालं. पुढचं काही बाहेर बोलावं लागत नाही. हा शब्द तिनेच काढला आणि आता आमच्याकडे तो असा रुळलाय की मागे एकाने फोनवरच विचारलं, "दुसऱ्या कंबरेचा बघतत ते तुमीच काय?"

मी फिजिओथेरपिस्ट. कुडाळच्या बाजारामागे माझा दवाखाना आहे आणि तीस वर्षं मी लोकांचे गुडघे, खांदे, मणके हलते करत आले आहे. अजूनही निम्म्या गावाला वाटतं की मी मालिश करते. संपादकांनी अंकासाठी कामातले अनुभव मागितले तेव्हा मी विषय सांगितला, तर घरातूनच आक्षेप आला. आमचे हे म्हणाले, "अगं, दिवाळीत लोक फराळ खाता खाता वाचतात." म्हटलं, वाचू देत, फराळानंतर त्यांनाही तिकडे जावंच लागतं.

आता हे दुसऱ्या कंबरेचं दुखणं काय ते सरळ सांगते. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची सुपारीएवढी ग्रंथी असते. वयाबरोबर ती वाढते, कधी तिच्यात कर्करोग निघतो आणि मग ती काढावी लागते. लघवी अडवायला देवाने दोन तोट्या दिलेल्या असतात. ग्रंथी काढताना वरची तोटी जाते. खालची असते, पण तिने जन्मात कधी एकटीने काम केलेलं नसतं, म्हणून ती घाबरते. ऑपरेशननंतर लावलेली लघवीची नळी काढून माणूस घरी येतो, खुर्चीतून उठतो, आणि लेंगा ओला. खोकला, ओला. हसला, ओला. मोठमोठी माणसं हसायची बंद होतात. त्या खालच्या तोटीला धरून ठेवणारी मांसाची एक झोळी असते, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत बांधलेली. त्या झोळीला बळ द्यायचं, एवढाच माझा धंदा. आत ओढायचं, धरायचं, सोडायचं. पुन्हा ओढायचं. दिसायला काहीच दिसत नाही. बघणाऱ्याला वाटतं म्हातारा नुसता बसलाय.

सांगायला सोपं, पण सांगायचं कसं? हा या कामातला खरा पेच, आणि त्यात मी एकदा सपशेल नापास झाले आहे. पहिला असा पेशंट आला तेव्हा माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. बांद्याचे एक शेट, वयाने माझ्या वडिलांएवढे. मला लाज वाटली, त्यांनाही वाटली. मी त्यांच्या हातात एक छापील कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, 'श्रोणीतळाचे स्नायू आकुंचित करून पाच सेकंद स्थिर ठेवावेत.' शेटनी चष्मा लावून तो कागद नीट वाचला, घडी करून खिशात ठेवला, "बरा आसा" म्हणाले आणि गेले. वर्षाने त्यांची बायको गुडघ्यासाठी आली. तिने सांगितलं की ते आता दुकानावर बसत नाहीत, कोणाच्या लग्नाला जात नाहीत, माडीवरच्या खोलीतून खाली उतरत नाहीत. "कागद आसा हां तुमचो," ती म्हणाली, "रोज काडून वाचतत." मी बोलावून घेईपर्यंत ते गेले होते. लघवी थांबली नाही म्हणून माणूस मरत नाही, हे मला माहीत आहे. पण शेटचं शेवटचं वर्ष माडीवर गेलं ते माझ्या लाजेपायी, हेही मला माहीत आहे. त्या दिवसापासून मी कागद देणं बंद केलं आणि तोंड उघडलं.

तोंड उघडल्यावर शब्द पेशंटनीच दिले. शिरोड्याचे एक रापणकार होते, सबंध आयुष्य किनाऱ्यावरून जाळं ओढण्यात गेलेलं. मी त्यांना हातवारे करून झोळी समजावत होते. ते म्हणाले, "म्हणजे बाय, थंडयेत सकाळी रापणीक कमरेभर पाण्यात शिरतंव, तेव्हा सगळा आपसूक वर ओढला जाता, तसा?" मी टेबलावर हात आपटला. तसंच! अगदी तसंच! तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारते, थंडीत पाण्यात उतरलायत ना कधी? म्हातारे गालात हसतात आणि लगेच बरोबर जागी ओढतात. पुस्तकातल्या चार पानांचं काम त्या एका वाक्याने झालं.

मग एक गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक. मी दिवसातून तीन वेळा, दर वेळी दहादा सांगितलं होतं. त्यांनी वेळापत्रक आखून भिंतीला लावलं आणि सकाळपासून दर तासाला शंभर. आठवड्याने आले ते आधीपेक्षा ओले. स्नायू दमून गेला होता बिचारा. मी ओरडले तर म्हणतात, "सरावाने सगळं येतं असं आम्ही मुलांना शिकवलं." म्हटलं, "गुरुजी, मधली सुट्टी पण द्यायचात ना मुलांना?" त्यांना ते पटलं. आता ते मधली सुट्टी घेतात आणि कोरडे आहेत.

पण सांगायचं आहे ते आबांचं.

आबा हे त्यांचं खरं नाव नव्हे, आणि गावही सांगत नाही, मालवणच्या वाटेवर कुठेतरी आत, एवढंच. आबा त्या गावचे गावकार. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराचा. आमच्याकडे भटजी देवाशी संस्कृतात बोलतो ते वेगळं आणि गावकार मालवणीत बोलतो ते वेगळं. नारळ ठेवायचा, हात जोडायचे आणि घरातल्या वडीलधाऱ्याला सांगावं तसं देवाला सगळ्यांच्या वतीने सांगायचं. एकेक मागणं संपलं की जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" मागणारा एक, पण सही सगळ्यांची. चाळीस वर्षं आबांचा आवाज त्या देवळात घुमत होता. गावातला नवा ट्रॅक्टर असो की मुंबईला जाणारी सून, आबांच्या गाऱ्हाण्याशिवाय हलत नसे.

गोव्यात त्यांचं ऑपरेशन झालं, गाठ कर्करोगाची होती, ती पूर्ण निघाली. नळी काढल्यावर महिन्याने ते माझ्याकडे आले. म्हणजे काकींनी, त्यांच्या बायकोने, आणले. आबा बोलतच नव्हते. लघवी हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. "ता" म्हणायचे. "ता रवणा नाय," म्हणजे ते थांबत नाही. बस्स.

मी रापणीचं उदाहरण दिलं, त्यांना जागा कळली, पण पुढे गाडी अडली. आत ओढलं की आबा श्वास बंद करायचे. गाल फुगलेले, मान लाल, पोट दगडासारखं. ही चूक सगळे करतात, आणि ती वाईट, कारण श्वास कोंडला की पोटाचा दाब खाली जातो आणि झोळीला वर येऊच देत नाही. त्यावर उपाय म्हणजे मोठ्याने आकडे म्हणायचे, बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही. आबा "एक" म्हणायचे आणि डोळे मिटून पाचापर्यंत मनातच जायचे. दुसऱ्या खेपेला तेच, तिसऱ्या खेपेला तेच. चौथ्या खेपेला माझा तोल गेला. "आबा, व्यायाम खाली करायचाय, तुम्ही तो गालाने करताय!" आबांनी सदऱ्याची बटणं लावली. "ह्या माज्यान जावचा नाय. चाळीस वर्सा मान वर करून उभो रवलंय मी, माका आता एक-दोन शिकवतत!" आणि निघाले. बोलणाऱ्या माणसाला मी मुका करून पाठवला असं वाटून मला दिवसभर जेवण गेलं नाही. सारखे शेट आठवत होते.

दसरा झाल्यावर दवाखान्यात नवी उपचाराची खाट आली, खालीवर होणारी, विजेची. सुगंधा म्हणाली, नारळ ठेवल्याशिवाय कोणाला निजू देणार नाही. तेवढ्यात काकी आबांना ढकलत घेऊन आल्या. सुगंधाला आनंद झाला. "आबानु, तुमी आसताना मी कित्याक? घाला गाराणा."

आबा दोन पावलं मागे सरले. "माका सांगा नको," ते म्हणाले. "मी ओवळो आसंय."

काकी मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. नळी काढल्यापासून आबांनी देवळाची पायरी चढली नव्हती. अंगाखाली ओलं आहे, असल्या अंगाने देवासमोर कसं उभं राहायचं? दसऱ्याला ताप आल्याचं सांगून घरी राहिले. आता महिना-दीड महिन्यावर जत्रा. "दीर इचारतत, आबा, जत्रेक कोण उभो रवतलो? एकदा दुसरो उभो रवलो की झाला गो बाय." मान तिकडेच जातो असं कुठे लिहिलेलं नाही, पण जातो. "पाणी पिणा नाय, थोडा पिल्यार थोडा येतला म्हणता. घरात पण बोलणा नाय. माका तेंचो आवाज व्हयो गो." काकींच्या या शेवटच्या वाक्याने मला घायाळ केलं.

बाहेर सुगंधाने हात जोडले होते. "बा देवा म्हाराजा, ही जी काय नवी खाट इली हा, तिच्यार जो कोण निजात तो चालत घराक जांव दे रे म्हाराजा!" बाकावरचे सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." "आणि आमच्या डॉक्टरनीचो राग जरा कमी कर रे म्हाराजा!" यावर मात्र छप्पर उडेल असा आवाज आला, "व्हय म्हाराजा!" मेले सगळे.

मी आबांकडे बघत होते. त्यांचे ओठ सुगंधाबरोबर हलत होते, आवाज न करता. खांदे सैल. पोट मऊ. एकेक वाक्य एका लांब, सावकाश सुटणाऱ्या श्वासावर चाललेलं, जराही घाई नाही. ज्या माणसाला पाचापर्यंत बोलता येत नव्हतं तो माझ्यासमोर जगातला सर्वांत सुरेख श्वास सोडत होता. मी त्यांना आत नेलं आणि एका दमात सांगून टाकलं. "बा देवा म्हटलं की आत ओढायचं, मागणं संपेपर्यंत धरायचं, व्हय म्हाराजा आलं की सोडायचं."

आबा खाटेवरून उठलेच. "काय बोलतास, बाय? देवाचा नाव घेवन... थंय?"

"तेही देवानेच दिलंय, आबा."

ते चपला घालून निघून गेले. मला वाटलं, आता संपलं. दोन दिवसांनी काकींचा फोन आला. आबांनी त्यांना देवळात पाठवून कौल लावून घेतला होता. म्हणजे गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची पडली तर होय. काय विचारायचं ते गुरवालाही सांगितलं नव्हतं, 'एक इचार मनात आसा' इतकंच. काकी हसत म्हणाल्या, "उजवो इलो!" माझ्या हाताखालून एवढे पेशंट गेले, पण ज्याला वरून परवानगी आली असा व्यायाम हा एकच.

त्या दिवसापासून आबा सकाळ, दुपार, संध्याकाळ घरासमोरच्या खळ्यात खुर्ची टाकून बसायला लागले. ते मागणं घालायचे आणि स्वयंपाकघरातून काकी ओरडायच्या, "व्हय म्हाराजा!" दर वेळी दहा मागणी. पाऊसपाणी झालं, काजूचा मोहर झाला, नातसुनेची नोकरी झाली. मग मागण्यासारखं काही उरेना तेव्हा शेजाऱ्याच्या म्हशीला दूध मागितलं. गाल फुगणं बंद. मुख्य म्हणजे घरात आवाज आला.

एका आठवड्याने आले ते वाकून. खाली दुखत होतं. विचारलं, जास्त वेळ धरलंत का?

"हिणां व्हय म्हाराजा म्हणूक नाय," आबा काकींकडे बोट दाखवून म्हणाले. "म्हणान मी धरून रवलंय."

"अहो, पण किती वेळ?"

"बांगडो दोनी बाजून भाजासर."

काकी म्हणाल्या, "तेल तापलला, मी काय करू? देव थांबता, बांगडो थांबता काय?" मी इतकी हसले की सुगंधा धावत आत आली. आणि आबाही हसले. हसले, आणि लगेच खाली बघितलं, आणि पुन्हा वर बघितलं. लेंगा कोरडा होता. दोघांनाही कळलं.

पुढे लेंग्याच्या आत लावायचे पॅड कमी होत गेले. पाणी प्यायला लागले. मी सुगंधाला सांगून ठेवलं, जत्रेला जायचंय, रजा लिहून ठेव. आणि जत्रेला आठ दिवस उरले असताना आबा एकटेच आले, रिक्षा करून. बाकावर बसले नाहीत.

"बाय, घात झालो."

वाडीत एका घरी पूजा होती. देवळात जायच्या आधी जरा चाचणी घ्यावी म्हणून आबांनी तिथे गाऱ्हाणं घातलं. पन्नासेक माणसं. पहिलं मागणं सुरेख गेलं. सगळ्यांनी एकदम गर्जना केली, "व्हय म्हाराजा!" आबांनीही त्यांच्याबरोबर केली. आणि तिथल्या तिथे धोतर भिजलं. त्यांनी काहीतरी पुटपुटून नारळ दुसऱ्याच्या हातात दिला आणि मागच्या दाराने घरी गेले. "आता सांगतंय भावाक. तूच उभो रव म्हणान."

मी खुर्चीत बसले आणि कपाळाला हात लावला. चूक त्यांची नव्हती, माझी होती. महिनाभर मी या माणसाला शिकवलं होतं की व्हय म्हाराजा ऐकलं की सोडायचं. खळ्यात ते चालून गेलं, कारण तिथे ओरडणाऱ्या काकी होत्या, आबा गप्प होते. देवासमोर गावकारही सगळ्यांबरोबर ओरडतो. ओरडलं की पोटाचा दाब खाली येतो, म्हणजे सगळ्यांत घट्ट धरायचं ते तेव्हाच. नेमक्या त्या क्षणाला मी त्यांची मूठ उघडायला लावली होती. आमच्या पुस्तकात पहिल्या पानावर आहे, खोकण्याआधी धरा, शिंकण्याआधी धरा. व्हय म्हाराजाआधी धरा असं लिहिलेलं नाही, पण ते मला कळायला हवं होतं. गाऱ्हाणं मीही जन्मभर ऐकत आले आहे. मी आबांना तसं सांगितलं. म्हटलं, "आबा, माझं चुकलं. आठ दिवस द्या."

आबा म्हणाले, "आट दिसात काय होतला?"

"उलटं शिकायचं. मागणं घालताना नेहमीसारखं बोला, सैल. शेवटचं 'रे म्हाराजा' आलं की थंड पाणी आठवा, वर घ्या आणि मगच ओरडा. ओरडून संपलं की सोडा."

पण त्याला एकट्या काकी पुरणार नव्हत्या, गर्दीचा आवाज हवा होता. मी दार उघडलं. बाहेर बाकावर पहिल्या कंबरा, गुडघे, एक गळ्यात हात बांधलेला रिक्षावाला. म्हटलं, "आज आबा इथे गाऱ्हाणं घालणार आहेत. सगळ्यांनी जीव तोडून व्हय म्हाराजा म्हणायचं." कोणी कारण विचारलं नाही. आमच्याकडे गाऱ्हाण्याला कारण लागत नाही. आठ दिवस रोज दवाखान्यात दोन वेळा गर्जना झाली. समोरचा मेडिकलवाला विचारायला आला की काही नवीन उपचार निघालाय का. सुगंधा म्हणाली, "व्हय." पहिले दोन दिवस आबा गोंधळले, दोनदा लेंगा बदलला. तिसऱ्या दिवशी एक गर्जना कोरडी गेली. सातव्या दिवशी दहाच्या दहा. सांगते सरळ, मला माझा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

जत्रेच्या दिवशी दुपारी मी देवळात गेले. मी आबांना पॅड घालायला विनवलं होतं, धोतराखाली कोणाला दिसतंय? त्यांनी मान हलवली होती. "देवाम्होरे ती नको." पांढरं धोतर, उघडं अंग, खांद्यावर उपरणं. काकींचे दीर बाजूला उभे होते, हात जोडून, अगदी जवळ. मी बायकांत काकींशेजारी उभी राहिले. काकींनी माझं मनगट धरलं होतं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या जत्रेच्या निमतान तुजी सगळी लेकरा तुज्या पायाकडे जमली हत. जी मुंबयसून इली तेंका आणि जी हंय रवली तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दगडी खांब थरथरले असतील. माझी नजर धोतरावर. कोरडं.

"जे दर्यात जातत तेंका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" कोरडं. शेताचं झालं, गुरांचं झालं, परीक्षा देणाऱ्या मुलांचं झालं. मी प्रत्येक वेळी स्वतःच आत ओढत होते, घाम फुटला मला. शेवटचं मागणं झालं आणि काकींनी माझं मनगट सोडलं. आबांनी मात्र हात खाली घेतले नाहीत. ते एक पाऊल पुढे सरकले. मग म्हणाले,

"आणि बा म्हाराजा, माज्यासारको जो कोण आसात, जेची लघवी रवणा नाय, आणि त्या लाजेन जो कोपऱ्यात बसलो हा, तुज्या दारात येवक भियता, तेका तू भायर काड रे म्हाराजा."

देऊळ चिडीचूप. दिरांनी मान वर केली. काकींनी डोळे मिटले. जो शब्द माझ्या खोलीत दार लावूनही त्यांच्या तोंडून आला नव्हता, तो आबांनी भर जत्रेत देवाला सांगितला होता, आणि सही करायला कोणी पुढे येईना. मग मागून, खांबाला टेकलेल्या एका काठीवाल्या म्हाताऱ्याचा चिरका आवाज आला, एकट्याचा. "व्हय म्हाराजा." आणि मग सगळं गाव.

मी बायकांतून वाट काढत पुढे गेले. आबा नारळ उचलत होते. मी काही विचारायच्या आत ते हळूच म्हणाले, "दोन थेंब गेले, बाय."

मी धोतराकडे बघितलं. "कधी?"

"सगळे गप रवले तेव्हा. धरूचा काय सोडूचा, कळाक नाय."

आता हे पुन्हा ओवळो म्हणणार, उपरणं काढून दिरांच्या खांद्यावर देणार, असं मला वाटलं. आबांनी गाभाऱ्याकडे बघितलं. "मी हंय उभो, देव थंय. दोन हातांचा अंतर. तेणां बगल्यान, मी बगलंय. काय एक बोलूक नाय तो." आणि मला हाताने बाजूला सारलं. "सरा जरा. नारळ घेवन लोका खोळंबली हत."

त्यांनी पुढच्या माणसाचा नारळ घेतला, देवासमोर ठेवला आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा," आबांचा आवाज घुमला. कोणाच्या तरी सुनेला सुखरूप बाळंत कर असं काहीतरी मागणं होतं, मला नीट ऐकू आलं नाही. पण "रे म्हाराजा" आलं, आणि सगळ्या देवळात सगळ्यांच्या आधी मी ओरडले.